सरदारांचे बापू

जत तालुक्याच्या माळावर पाऊस बेताचाच पडतो. शिकारी मात्र दरसाल चांगले पिकतात. गावागणिक एक तरी असतोच. त्याच्याकडे बंदूक नसते, परवाना नसतो, आणि जंगल म्हणावं तर वेड्या बाभळीपलीकडे काही नसतं. एक कुत्रं तेवढं असतं. लांब पायांचं, लांब तोंडाचं, पोट पाठीला लागलेलं. तेवढ्या भांडवलावर तो माणूस जन्मभर शिकारी म्हणून मिरवतो. आमच्या गावात हा मान बापूंचा.

बापूंनी उभ्या आयुष्यात शिकार केलेली नाही. त्यांच्या आज्यानं केली होती, तीही आजाच सांगायचा. १९७२ साली महाराष्ट्रात दुष्काळ पडला आणि दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. बापू जन्मले त्याच्या पुढच्या वर्षी. "मास्तर, दोन वरसं आधी आलो आसतो तर..." असं म्हणून ते वाक्य अर्धवट सोडतात आणि मिशीवरून हात फिरवतात. वर्षाच्या तान्ह्या पोरानं ऐन दुष्काळात कोणता वाघ मारला असता, हे आपण विचारायचं नसतं.

त्यांच्या अंगात बारा महिने खाकी जाकीट असतं. कोल्हापुरातनं मुद्दाम शिवून आणलेलं, छातीवर काडतुसांसाठी ओळीनं आठ कप्पे असलेलं. ते कप्पे मी एकदा जवळून बघितले. पहिल्यात कापूस. दुसऱ्यात जखम धुवायच्या जांभळट औषधाची बाटली. तिसऱ्यात चिमटा, चौथ्यात चिकटपट्टी, पाचव्यात थर्मामीटर, सहाव्यात नखं कापायचं हत्यार, सातव्यात उपटलेल्या गोचिडी टाकायची डबी. आठव्यात तेवढी तंबाखू. "जरा रानात जाऊन येतो" असं म्हणून बापू निघतात, तेव्हा एवढा दारूगोळा त्यांच्या अंगावर असतो.

कुत्र्याचं नाव सरदार. जात कारवान. पलीकडे कर्नाटकात मुधोळ म्हणतात, कुत्रं तेच. बापू त्याला अहोजाहो करतात. "ए, सरदार जेवले का गं?" ही चौकशी दिवसातनं दोनदा होते. त्यातला 'ए' वैनींसाठी आणि 'जेवले' सरदारांसाठी. मुधोळ आमच्यापासून फार लांब नाही. बापू तिकडनंच पिल्लू घेऊन आले, आणि त्याची किंमत वैनींना सांगेपर्यंत त्यातलं एक शून्य वाटेत कुठंतरी गळून पडलं.

पाहुणा आला की चहाआधी वंशावळ येते. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी या जातीची पिल्लं विलायतेच्या पंचम जॉर्जला नजर केली होती. २००५ साली टपाल खात्यानं या कुत्र्याचं तिकीट काढलं. २०१६ साली लष्करानं यांना मेरठला प्रशिक्षणाला नेलं. मुधोळजवळ तिम्मापूरला या एका जातीसाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. पाहुण्यानं तेवढ्यात "आणि धाकटा काय करतो?" असं विचारलं, तर बापूंना जरा आठवावं लागतं. "पुण्याला हाय. कंपनीत." धाकट्यावर तिकीट निघालेलं नाही.

सरदार सुंदर आहे, यात वाद नाही. पळायला लागला की चारी पाय एकदम जमिनीवरनं सुटतात. पण ज्यानं हा प्राणी पळण्यासाठी घडवला, त्यानं बाकीच्या गोष्टींचा विचार केलेला दिसत नाही. अंगावर चरबी नाही, केस आखूड आणि कातडं पातळ. गावठी कुत्रं जिथं खरचटून निघतं, तिथं सरदार फाटून निघतो. त्यातून ही जात शिकार करते डोळ्यांनी. माळावर लांब काही हललं, की नजर त्याच्यावर बसते आणि कान बंद होतात. मग ते ससा असो, नाहीतर वाऱ्यावर उडालेली खताची पिशवी. बापू मागनं शिट्ट्या मारतात, नावानं हाका मारतात, शेवटी आईवरनं शिव्याही देतात. सरदार आणि पिशवी यांच्या मध्ये काय काय आहे, ते बापूंना दिसत असतं, सरदाराला नाही. खुंट असतो, दगड असतो, पडकी विहीर असते. आणि काटेरी तार असतेच असते. डाळिंबं आल्यापासून आमच्याकडे कुंपण नाही असा बांध उरलेला नाही.

त्यामुळे सरदाराचं अंग हे बापूंचं जमाखर्चाचं पुस्तक झालं आहे. पाहुण्यांना ते बोट ठेवून वाचून दाखवतात. "ही छातीवरची रेघ दिसती? बारा टाकं. त्या साली कांदा गेला होता दोन रुपयानं. हे मांडीवरचं रानडुकराचं. मक्यात होतं बेणं. भाईर रुपयाएवढं भोक, आन आत डाक्टरचं सबंध बोट गेलं. ह्या असल्या जखमा वरनं शिवून टाकायच्या न्हाईत बरं का, पाव्हणं. वरनं शिवलं की आत सडतं. नळी ठेवायची आन रोज धुवायचं." पाहुणा हातातला लाडू खाली ठेवतो. बापू पुढच्या पानावर जातात. "आन ही शेपटी."

शेपटीची कथा वैनीच जास्त चांगली सांगतात. सरदाराची शेपटी लांब, सडपातळ आणि शेवटी हाडकुळी. घर रंगवून चारच दिवस झाले होते. बापू बाजारातनं आले, सरदाराला आनंद झाला, त्यानं दाराच्या चौकटीवर शेपटी आपटली आणि टोक फुटलं. कुत्र्याला दुखतही नव्हतं. तो आनंदानं शेपटी हलवतच राहिला आणि सोप्याच्या चारी भिंतींवर कंबरेच्या उंचीपर्यंत रक्ताचे शिंतोडे उडाले. शेजारची म्हातारी ताक मागायला आली होती, ती दारातनंच बोंब मारत परतली. पट्टी बांधली की दोन हेलकाव्यांत उडून जायची. शेवटी बापूंनी मोठी सिरींज कापून तिची नळी टोकावर चढवली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि शेपटी वाचवली. भिंतींचं काय झालं? "सोप्याला गेरूचा पट्टा मारला," वैनी म्हणतात. "कंबरंपतोर. लोकं म्हणाली, डिझाइन छान हाय."

बापू आणि तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर यांचं नातं फार जुनं आणि फार नाजूक आहे. दवाखाना गाई-म्हशींचा. ओळीत गाभण म्हशी उभ्या असतात, आणि त्या ओळीत बापू पोटाशी सतरंजीत गुंडाळलेला सरदार घेऊन शिरतात. डॉक्टर न बघताच विचारतात, "काय झालं?"

"तारेत गेलं."

हा ठरलेला संवाद आहे. काहीही झालेलं असो, बापूंचं उत्तर हेच. डुकराचा सुळा लागला तेव्हाही ते तारेतच गेलं होतं. साळिंदराचे काटे नाकात घुसवून आणले होते, तेव्हाही बापूंनी तेच सांगितलं. डॉक्टरांनी एकेक काटा पक्कडीनं ओढून ट्रेमध्ये ओळीनं मांडला आणि म्हणाले, "बापू, ही तार कोणत्या कंपनीची?"

बापूंच्या भीतीला कारण आहे. कायदा त्यांना तोंडपाठ आहे. एका वनरक्षकाला त्यांनी चहा पाजून तो नीट समजून घेतला. "मारायचं तर सोडाच, मास्तर. कायद्यात शिकार म्हंजे नुसतं मारणं न्हवं. धरणं आलं, फास लावणं आलं, पाठलाग आला, नुसतं हाकलणं आलं. आन ह्यातलं काय बी करायचा प्रयत्न क्येला तरी ती शिकारच." हे त्यांनी घरात इतक्या वेळा म्हटलंय, की वैनींनाही पाठ झालंय. म्हणून रानात जाताना सरदाराच्या गळ्यात पट्टा असतो, पट्ट्याला साखळी आणि साखळीला बापू. पिशवी उडाली की साखळी सुटते, बापू आपटतात आणि पुढचं सगळं तारेत जातं.

टाके घालायचे म्हणजे भूल द्यावी लागते, आणि भूल म्हटलं की बापू डॉक्टर होतात. "सायेब, थायोपेंटोन नको हां. ह्या जातीला चरबी न्हाई, औषध लवकर उतरत न्हाई. दिवसभर उठायचं न्हाई ते." डॉक्टरांना हे कॉलेजात शिकवलेलं असतं. बापूंनी ते कुठून पैदा केलं, देव जाणे. पण बापूंचं बरोबर असतं, आणि म्हणूनच डॉक्टर जास्त चिडतात. मग बापू सरदाराचं डोकं मांडीवर घेऊन टाके मोजत बसतात. बाहेर म्हशीवाले खोळंबलेले असतात. घरी आल्यावर कुत्र्यानं टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात भोंगा घालावा लागतो. तो विकत मिळतो; पण बापू म्हणतात, एवढा खर्च झाल्यावर कुठंतरी काटकसर पाहिजे. मग ते वैनींची बादली घेतात, तिचा तळ कापतात, कडेला भोकं पाडून नाडी ओवतात आणि सरदाराच्या डोक्यात घालतात. आठवडाभर सरदार त्या बादलीनिशी घरभर फिरतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नडग्या फोडतो. वैनी दिवाळीला भांडी घेत नाहीत, बादल्या घेतात.

खर्चाची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते. दुधाच्या खाड्यांशेजारी वैनी बारीक अक्षरात लिहितात: 'स. पाय', 'स. कान', 'स. गोचीड ताप'. गोचीड तापाच्या गोळ्या जवळजवळ महिनाभर चालतात. एका फेब्रुवारीत त्यांनी सबंध महिन्यावर आडवी रेघ मारून वर नुसतं 'स.' लिहिलंय.

पावसाळा सरला की माळावर कुसळी गवत पिकतं, आणि बापूंचा खरा हंगाम सुरू होतो. हे कुसळ मोठं कपटी. टोकाला बाण, मागं उलटे केस. एकदा शिरलं की पुढंच जातं, मागं येत नाही. बोटांच्या बेचक्यात घुसलं तर आत पू धरतं, कानात गेलं तर कुत्रं मान वाकडी करून डोकं झाडत राहतं. म्हणून रोज दिवेलागणीला बापू ओसरीवर बसतात, चष्मा कपाळावरनं नाकावर घेतात, डाव्या हातात बॅटरी, उजव्यात चिमटा. सरदार पाय पुढे करतो. एकेक बेचकं फाकवून, कान उलटे करून, काखेत, पापणीखाली बघणं चालतं. अर्धा तास लागतो. एकदा या मुहूर्तावर वैनींच्या डोळ्यात मळणीचं कुसळ गेलं. त्या बापूंसमोर येऊन उभ्या राहिल्या. "थांब जरा, ह्यांचा एक पाय राहिलाय," बापू म्हणाले. वैनी म्हणाल्या, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हंत्यात, ते खोटं हाय. दुसरा चार पायांचा आसला तरच दिसतं."

थर्मामीटरही सरदाराचाच. उन्हाळ्यात पळून आलं की ताप मोजायचा, चढला असला तर अंग साध्या पाण्यानं भिजवायचं, वारा घालायचा, बर्फ लावायचा नाही. हे सगळं बापूंना पाठ. सुट्टीत नातू आला आणि दुसऱ्याच दिवशी फणफणला. बापूंनी थर्मामीटर धुवून त्याच्या काखेत लावला, उजेडात धरला आणि समाधानानं म्हणाले, "एकशे दोन. नॉर्मल हाय." कुत्र्याला ते नॉर्मलच असतं. सुनेनं पोराला उचललं आणि तडक दवाखाना गाठला. तो थर्मामीटर कुठं लावायचा असतो, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मध्यंतरी बापूंनी शिकारीऐवजी शर्यतीचा मार्ग काढला. मोटारीनं दोरी गुंडाळून ओढायचा चिंधीचा ससा आणि त्यामागं कुत्री. सरदाराचा दुसरा नंबर आला. बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि वळणावर पुढच्या पायाचं बोट मोडलं. तालुक्याला एक्स-रे होईना, म्हणून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं ठरलं. सरदारांसाठी जीप ठरवली; मागच्या सीटवर त्यांना गादी. बापू पुढं. बोटाला पट्टी झाली, दीड महिना पळणं बंद. त्याच वर्षी बापूंना गुडघा दाखवायला मिरजेला जायचं होतं, ते एसटीनं उभ्यानं गेले. घड्याळ सोप्यात लावलंय. पाहुण्यांना बापू म्हणतात, "जिकल्यालं हाय." वैनी म्हणतात, "गावात येवढं म्हाग घड्याळ दुसरं न्हाई."

पण बापू खरे कळले ते घोणशीच्या रात्री. पावसाळ्यात अंधार पडता पडता सरदार बांधावरच्या गवतात नाक घालायला गेला आणि केकाटत परतला. तासाभरात तोंड सुजून डोळे मिटले. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन तसंच ठेवलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली; रक्त गोठलंच नव्हतं. घोणशीचं विष हेच करतं. प्रतिविष माणसाचंच लागतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं एकच. बापू औषधाच्या दुकानात धावले. दुकानदारानं चिठ्ठीवरचं औषध वाचून घाईघाईनं वही ओढली. "पेशंटचं नाव?"

"सरदार."

"आडनाव?"

बापू क्षणभर थांबले आणि त्यांनी स्वतःचं सांगितलं.

"वय?"

"चार."

"आरं देवा! चार वर्साचं लेकरू!" दुकानदारानं बाटल्या हातात कोंबल्या, पैसेही मोजून घेतले नाहीत. बापू दवाखान्यात पोचायच्या आत गावात बातमी पोचली. बायाबापड्या वैनींच्या दारात जमल्या. आपल्याला चार वर्षांचं लेकरू कधी झालं, ते वैनींना कळेना. तेवढ्यात एकीनं गळ्यात पडून रडायला सुरुवात केली, म्हणून वैनीही थोडं रडल्या.

ती रात्र बापूंनी ओसरीवर काढली. सलाईनची बाटली झोपाळ्याच्या कडीला टांगली होती. सुई हलू नये म्हणून सरदाराचा पुढचा पाय बापूंच्या मांडीवर, आणि बापू पहाटेपर्यंत तसेच, कूस न बदलता. मी मध्यरात्री डोकावलो. बापू काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, मारुतिस्तोत्र. जवळ गेलो तर ते सरदाराला साताऱ्याच्या शाहूमहाराजांच्या खंड्या कुत्र्याची गोष्ट सांगत होते. त्याची समाधी माहुलीला आहे आणि त्याला पालखीचा मान होता म्हणतात. "तुमाला बी पालखी करू," बापू म्हणत होते. "आधी डोळं उघडा." मला बघितल्यावर ते खाकरले आणि मोठ्यानं म्हणाले, "शिकारी जात, मास्तर! लई म्हागाची. सांभाळाय लागती."

वैनी आत चुलीपाशी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "धाकट्याला धावीत टायफाइड झाला, तवा दारातनं 'बरं हाय का' म्हणून इच्यारलं आन गेले गड्यासंगं पानी धरायला. आत यायचं लई मनात होतं. पर बाप्याची जात म्हंजे पोरापाशी बसलं की लोकं हसत्यात. शिकारी कुत्र्यापाशी बसलं तर कोण हसत न्हाई." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "म्हणून म्या बादल्यांचा हिशोब ठेवती, पर भांडत न्हाई."

सरदार वाचला. आता गावात कुणाची शेळी तारेत फाटली, कुणाच्या कुत्र्यानं माणसाची दुखीची गोळी खाऊन रक्त ओकलं, तर लोक आधी बापूंकडे येतात. बापू हिरड्या दाबून रंग बघतात, जखम धुवून देतात आणि "आता डाक्टरकडं न्या, हितनं पुढं माझं काम न्हाई" म्हणून पिटाळतात. कुणाला ते शिकारी वाटेनासे झालेत, हे त्यांना कुणी सांगत नाही.

आणि मग यंदा हरभऱ्यात ससा आला.

खरा, जिवंत, तपकिरी, लांब कानांचा. दिवेलागणीची वेळ. सरदार ओसरीवर डोक्यात बादली घालून झोपलेला, कारण खांद्यावरचे टाके परवाच घातलेले. बापूंनी ससा बघितला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो हातभर अंतरावर हरभऱ्याचे शेंडे खात बसला होता. बापूंनी चपला काढल्या. वैनी सांगतात, ते वाकून, चोरपावलांनी, हातात रिकामं पोतं घेऊन निघाले, आणि दबक्या आवाजात चाललं होतं, "जा रे बाबा, जा. हुश्श. ते उठायच्या आत जा. टाकं उसवतील." ससा चार उड्या मारून परत बसला. बापू परत मागं. असं करत करत दोघं बांधापर्यंत पोचले. ससा तारेखालनं गेला, बापू तारेवरनं.

नडगी चांगली बोटभर फाटली. बापू सवयीनं जनावरांच्या दवाखान्यातच गेले. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

"तारेत गेलो."

डॉक्टर सतरंजीत कुत्रं शोधायला लागले. मग जखम बघून त्यांनी बापूंना समोरच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं चार टाके पडले, धनुर्वाताची सुई मिळाली आणि कुणी पैसे मागितले नाहीत. बापूंचा विश्वास बसेना. "येवढंच? एक्स-रे न्हाई, सलाईन न्हाई?" ते घरी येऊन हळहळले. "माणसाच्या जातीला किंमतच न्हाई, मास्तर."

वैनींनी कॅलेंडर काढलं, पेन्सिल जिभेवर लावली आणि तारखेच्या चौकोनात लिहिलं: 'बा. पाय. फुकट.' मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, तुमी सांगा. कायद्यात नुसतं हाकलणं बी शिकारच न्हवं?"

"हो."

"मग गावाला सांगा. ह्यांनी शिकार क्येली."